कोकणातल्या जुन्या घराचं वायरिंग: नळाला झिणझिण्या येतात आणि वायरमन म्हणतो आरसीसीबी काढलेलाच बरा

आगरातली

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण नीट सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

राजापूर तालुक्यात आमचं १९५८ सालचं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी आणि पडवीला लागून न्हाणी. वीज आली १९७१ मध्ये. माजघरातला पहिला दिवा लागला तेव्हा आजीने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, हे बाबा अजून सांगतात. ते वायरिंग ओटीवर आणि माजघरात अजून तसंच आहे: सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत बसवलेली काळी रबरी वायर, गोल काळी बटणं, मीटरखाली चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज. स्वयंपाकघर नंतर वाढवलं, तिथे अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. न्हाणीतला गिझर २०११ चा. म्हणजे एका घरात तीन पिढ्यांचं वायरिंग.

मागच्या वर्षी गावातल्या वायरमनने मेनपाशी आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाईन तोडणारा खटका, बसवला. सकाळी टिकायचा, संध्याकाळी दिवे लागले की पडायचा. बाबांचं वय ७२. अंधारात स्टुलावर चढून तो खटका वर करायचा, पाच मिनिटांत पुन्हा खाली. शेवटी मे महिन्यात वायरमनने तो बाजूला करून लाईन डायरेक्ट केली. म्हणाला, "जुन्या घरात हे चालत नाही, काढलेलाच बरा."

आता पावसाळ्यात न्हाणीच्या नळाला हात लावला की आईला झिणझिण्या येतात. तेही संध्याकाळीच. ती लाकडी पाटावर उभी राहून पाणी काढते आणि मला फोनवर सांगते, "काही नाही गं, थोडंसंच."

मी डोंबिवलीत आहे. गणपतीला एक महिना उरलाय, घरात पंधरा माणसं असणार, त्यात चार लहान मुलं. सगळं वायरिंग आत्ताच काढायचं का? जमेल का? आणि आरसीसीबीबद्दल वायरमन म्हणतो ते खरं आहे का?

तारमास्तर

ताई, आधी आईंना फोन करा, मग बाकीचं वाचा. मेन बंद करायला सांगा, गिझरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा, मगच मेन चालू. नुसतं बटण बंद ठेवून भागणार नाही, प्लगच बाहेर हवा. पुढचं ठरेपर्यंत आंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबात.

आता कारण सांगतो. मी चौतीस वर्षं हेच काम केलं, निम्मी सिंधुदुर्गात. "संध्याकाळीच" हा तुमचा शब्द वाचला आणि माझं लक्ष थेट गिझरच्या सॉकेटकडे गेलं.

जुन्या घरात अर्थिंगची वायर नसते. १९७१ ला दिवे आणि एखादा रेडिओ, दोन पिनांत काम व्हायचं. पुढे गिझर आला, त्याला तीन पिना. तिसरी पिन कुठे जोडायची? घाईतला माणूस सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवरून, अर्थच्या स्क्रूला लूप मारतो. टेस्टर लावला तर दिवा लागत नाही, गिझर चालतो, सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या गिझरचं भांडं न्यूट्रलला जोडलेलं असतं, भांड्याला लोखंडी पाईप, पाईपाला नळ.

न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते, पण तुमचं घर लाईनच्या टोकाला असेल तर संध्याकाळी सगळ्या वाडीचा लोड पडल्यावर तुमच्या दारातल्या न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज उभं राहतं. तेच नळावर येतं. बटण बंद केलं तरी येतं, कारण बटण फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते.

आरसीसीबी पडायचा तोही ह्याचमुळे. त्याचं काम इतकंच की फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का हे बघायचं. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी तूट दिसली की तो दोन्ही तारा तोडतो. तुमच्याकडे न्यूट्रलचा काही करंट पाईपातून जमिनीत जात होता. तो खरं सांगत होता, रोज संध्याकाळी सांगत होता. आता तो नाही, आणि उद्या वादळात खांबावर न्यूट्रल तुटली तर चालू असलेल्या दिव्यापंख्यांतून फिरून जवळजवळ २३० व्होल्ट त्या नळावर येऊ शकतं. म्हणून म्हटलं, आधी फोन करा.

हा माझा अंदाज आहे, सॉकेट उघडल्याशिवाय खात्री नाही. गिझरचं हीटिंग एलिमेंट फुटलं असलं तरी नळाला करंट येतो. पण प्लग काढल्यावर झिणझिण्या थांबल्या तर खोट त्याच पॉइंटवर आहे. नळाला हात लावून बघू नका, टेस्टरवरही जाऊ नका, इतक्या कमी व्होल्टेजला त्याचा दिवा लागेलच असं नाही. लायसन असलेल्या माणसाला मल्टिमीटर घेऊन बोलवा, संध्याकाळी सातनंतर.

चौकवाडा

मी पुण्यातल्या वाड्यातला. आमच्याकडे हीच रबरी वायर होती. एकच सांगतो: ती हलवू नका. वर्षानुवर्षं जागच्या जागी असते तोवर रबर तारेवर टिकून राहतं, पण दिवा बदलायला होल्डर ओढला की आतलं रबर वाळलेल्या भाकरीसारखं तुकड्यातुकड्यांनी गळतं आणि तार उघडी पडते. आमच्या जिन्यात तसंच झालं. फक्त बोर्ड बदलून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला नको म्हणा. नव्या बोर्डात जुनी वायर वाकवून बसवताना ती मोडणारच.

दुसरं, किटकॅट दोन आहेत म्हणालात. म्हणजे एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. आमच्या काकांना तसाच शॉक बसला होता, बल्ब काढताना. न्यूट्रलमधला तो फ्यूज ठेवूच नका.

आणि गावच्या वायरमनवर फार रागावू नका. रात्री नऊला पावसात बोलावणं येतं, लोक म्हणतात लाईट चालू करून दे, बाकी काही नको. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, विकत घेण्याइतके पैसे त्याला कोणी देत नाही.

आगरातली

चार दिवसांनी लिहितेय. तुमचं उत्तर वाचलं त्याच रात्री प्लग काढला. दुसऱ्या दिवशीपासून झिणझिण्या नाहीत.

काल मी स्वतः गावी आले. रत्नागिरीहून लायसन असलेले एक जण आले आणि आमच्या वायरमनलाही मुद्दाम बोलावलं. मेन बंद करून सॉकेट उघडलं. अर्थच्या मोठ्या भोकामागच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत जेमतेम दोन इंचांचा लाल वायरचा तुकडा. न्यूट्रलच्या टोकाला प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि आत एक मुंगी चिकटून मेलेली. तेवढ्याशा तुकड्यावर आई सगळा पावसाळा पाटावर उभी होती. मला बोलताच येईना.

आमचा वायरमन बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "हे माझं नाही, पण मी उघडून बघायला हवं होतं."

मेगर लावला. ५०० व्होल्टचा. स्वयंपाकघर ठीकठाक. माजघर आणि ओटी एक मेगओमच्या खाली, बरंच खाली, म्हणजे तिथलं इन्सुलेशन गेलेलं. माळ्यावर टॉर्च घेऊन चढलो तर पेंढा आणि नारळाची सोडणं ठेवतो त्याच्या बरोब्बर वरून ती वायर गेलीय, आणि हातभर अंतरात उंदराने ती तीन ठिकाणी कुरतडलीय. मी लहानपणी त्याच पेंढ्यात लपायचे.

आता अर्थिंग करायचं ठरलंय. पण आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो. करून उपयोग होईल का?

तारमास्तर

ताई, बरं केलंत दोघांनाही बोलावलंत. पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्या दारात येणार आहे.

जांभ्यात अर्थिंग कठीण असतं हे खरं. मे महिन्यात तो कोरडा पडला की जवळजवळ करंट घेतच नाही. म्हणून जागा नीट निवडा. न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं, माडांच्या आळ्यांच्या बाजूला, तिथे माती खोल असते आणि उन्हाळ्यातही ओल राहते. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. मधेच कातळ लागला तर फोडत बसू नका, थोड्या कमी खोलीचे दोन खड्डे लांब लांब घ्या आणि दोन्ही पाईप तारेने जोडा.

आता हिशोब बघा. समजा अर्थिंग २० ओमचं आलं, आपल्याकडे ते चांगलंच म्हणायचं. फेज गिझरच्या भांड्याला लागली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (ठरावीक करंटच्या वर गेलं की पडणारा खटका) त्यावर पडणारच नाही, आणि भांडं तसंच जिवंत राहील. आरसीसीबी असेल तर ०.०३ अँपिअरलाच तोडतो. उन्हाळ्यात अर्थिंग २०० ओमवर गेलं तरी तोवर भांड्यावर सहाच व्होल्ट येतात. म्हणून मी म्हणतो, जांभ्याच्या मुलखात आरसीसीबी तर हवाच हवा. तो अर्थिंगशिवायही तोडतो, पण मग तूट व्हायला मधे माणूस लागावा लागतो. अर्थिंग असलं की माणसाने हात लावायच्या आधीच तोडतो.

गणपतीआधी एवढंच करा: अर्थिंग, नवा मेन बोर्ड, आरसीसीबी, आणि न्हाणी व स्वयंपाकघराला नवीन तांब्याची वायर, सोबत हिरवी अर्थची तार. गिझरला ४ स्क्वेअर एमएम, साध्या सॉकेटना अडीच, दिव्यांना दीड. माळ्यावरची वायर मेनपासून तोडूनच टाका, दुरुस्त करू नका. माजघराला आणि ओटीला तात्पुरती एक नवी लाईन भिंतीवरून पीव्हीसी पट्टीत न्या. चिरा फोडायची गरज नाही, ओल्या भिंतीत पाईप पुरूही नये. माळ्याचं काम दिवाळीनंतर, पेंढा हलवून, कडक पाईपातून. नरम पाईप उंदीर खातो.

अर्थिंगचं रीडिंग आत्ता पावसात छान येईल. मे महिन्यात पुन्हा घ्या, तेच खरं.

आगरातली

काम झालं. पाच फुटांवर कातळ लागला, म्हणून दोन खड्डे घेतले. रीडिंग १४ ओम. मे महिन्याची आठवण फोनमध्ये लावून ठेवलीय.

आरसीसीबी शनिवारी संध्याकाळी साडेसातला चालू केला, मुद्दाम त्याच वेळेला. आधी ओटीचे दिवे, मग पंप, फ्रीज, शेवटी गिझर. बाबा स्टूल धरून उभे होते, सवयीने. तो टिकला. मखराच्या माळांना वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी दिलाय. मुलांनी काही ओढलं तर तेवढंच जाईल, घरभर अंधार होणार नाही.

चाचणीचं बटण आईला दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं असतं म्हटल्यावर तिने विचारलं, कुठल्या तारखेला? मग तिनेच ठरवलं, दर संकष्टीला. पहिल्यांदा दाबलं तेव्हा खट्कन पडला आणि ती दचकली. मग तिने स्वतःच तो वर केला, न्हाणीत गेली आणि चप्पल घालून, पाट बाजूला सरकवून नळ सोडला.