मदत हवी आहे : दारासमोर ठेवलेली पार्सले चोरीस जातात

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत आमच्या दारासमोरून तीन पार्सले नाहीशी झाली. पहिले चुकून दुसऱ्या पत्त्यावर गेले असावे असे समजून मी फारसा पाठपुरावा केला नाही. तिसऱ्यात मात्र आईच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या होत्या आणि नव्या येईपर्यंत तिला चार दिवस साखर न तपासता काढावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

दिवसा घरी आई एकटीच असते आणि तिला बेल ऐकू येत नाही. त्यामुळे कुरिअरवाला पार्सल दाराशी ठेवून त्याचे छायाचित्र काढतो आणि ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद करून निघून जातो. (त्याच्यावर माझा संशय नाही, त्याला पुढे कितीतरी घरे गाठायची असतात.) तक्रार केली की विक्रेता तेच छायाचित्र पुढे करतो. वास्तविक त्यावरून पार्सल दारापर्यंत आले एवढेच सिद्ध होते. ते कोणाच्या हाती पडले, हे त्यात कुठे दिसते? एका विक्रेत्याने पैसे परत केले, दुसऱ्याने नकार दिला आणि तिसऱ्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.

दुसऱ्या चोरीनंतर बॅटरीवर चालणारा कॅमेरा बसवला. परंतु हालचाल जाणवल्यावरच तो जागा होत असल्यामुळे सुरुवातीचे क्षण निसटतात आणि तिसऱ्या वेळी चित्रणात परत जाणाऱ्या माणसाची पाठ तेवढी आली. ते चित्रण जोडून पोलिसांकडे तक्रार दिली आहे.

ओटीपीचा पर्यायही वापरून पाहिला. कुरिअरवाला फोनवर ओटीपी विचारतो, आपण कामाच्या गडबडीत सांगतो, पार्सल पुन्हा दारातच राहते आणि ते आपण स्वीकारल्याची नोंद मात्र आपल्याच विरुद्ध पक्की होते. म्हणून आता मी फोनवर ओटीपी देत नाही.

सध्या भिंतीला बोल्टने पक्की करता येईल अशी, वरून पार्सल आत टाकता येईल पण हात घालून काढता येणार नाही, अशी कुलूपबंद पेटी बसवण्याचा विचार आहे. अशी पेटी कोणी वापरली असल्यास, कुरिअरवाले सूचना वाचून पार्सल खरोखरच तिच्यात टाकतात का आणि पेटीत न मावणाऱ्या खोक्यांचे आपण काय करता, हे कृपया सांगावे. तसेच छायाचित्राच्या आधारे नकार देणाऱ्या विक्रेत्याकडे पार्सल पोहोचवल्याच्या ठिकाणाची जीपीएस नोंद मागावी की थेट कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दाद मागावी? बँकेची मुदत उलटण्यापूर्वी मला हे ठरवायचे आहे.