घरासाठी कॉफी मशीन कुठलं घेऊ?

घरी दोघंच आहोत, दिवसाला तीन-चार कप होतात. कॅप्सूलवालं (एका कपाची कॉफी भरलेली डबी टाकायची ते) घ्यावं की एस्प्रेसो मशीन, काही कळेना. बॉक्सवर १५ बार, २० बार (म्हणजे प्रेशर) लिहितात त्याने खरंच फरक पडतो का?

> बारच्या आकड्याला भुलू नका, एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास प्रेशर पुरतं. त्यापेक्षा ग्राइंडर चांगला घ्या, बिया ताज्या दळल्या नाहीत तर भारीतलं भारी मशीनही पाणचट कॉफी देतं, मी आधी सगळे पैसे मशीनवरच घालवून बसलो ना!

> कॅप्सूल सोपं पण कपामागे खर्च जास्त, वर कचरा. दूध घालूनच पिणार असाल तर मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं छोटं भांडं) बघा, प्रेशर जेमतेम १-२ बार पण कॉफी कडक होते.

> दूध घालूनच! मग मोका पॉट आणि ग्राइंडर, बहुतेक ठरलं.