इयागोला 'बिनकारणाचा दुष्ट' म्हणणं मला पटत नाही

निशिगंध:
शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजचं ते मत काढतंच, की सेनापती ऑथेल्लोला कपटाने फसवणाऱ्या, त्याच्याच हाताखालच्या इयागोच्या दुष्टपणाला कारणच नाही, तो नुसती कारणं हुडकत बसतो. अहो पहिल्याच प्रवेशात तो सांगतोय ना, लढाया मी लढलो आणि लेफ्टनंट केलं त्या कॅसिओला! प्रमोशन डावललं गेलं की माणूस आतून किती कुजतो ते मी घरात पाहिलंय, माझे काका वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हते. बिनकारणाचा म्हटलं की आपण सुटतो, तो राक्षस आणि आपण माणसं.

बाराखडी:
पण काकांनी कोणाचा संसार उद्ध्वस्त केला का? शेक्सपिअरने ही गोष्ट घेतली इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ च्या कथेवरून, त्यात हा हाताखालचा अधिकारी सेनापतीच्या बायकोच्या, डेस्डिमोनाच्या, प्रेमात असतो, ती दाद देत नाही म्हणून सूड. आयतं कारण हातात होतं आणि शेक्सपिअरने ते एका ओझरत्या उल्लेखावर आणून ठेवलं. त्याऐवजी इयागोला दिली एक कुजबुज, की ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी, एमिलियाशी, काहीतरी आहे, आणि हा स्वतःच म्हणतो खरंखोटं माहीत नाही पण नुसत्या संशयावर मी ते खरंच धरून चालणार. शेवटी का केलंस विचारलं तर म्हणतो यापुढे एक शब्द बोलणार नाही. असलं कारण तर सांगेल ना?

मधली_आळी:
तुम्ही दोघं इयागोतच अडकलात, मला त्या रुमालाचं जास्त भय वाटतं. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून डेस्डिमोना रुमाल बांधायला जाते, तो लहान पडतो, खाली गळतो. एमिलिया उचलते आणि नवऱ्याला देते, कारण तो कधीचा मागे लागलेला असतो. मग डेस्डिमोना तिलाच विचारते रुमाल कुठे गेला असेल गं, आणि ही म्हणते मला माहीत नाही बाईसाहेब. तोच रुमाल कॅसिओकडे दाखवून इयागो ऑथेल्लोचा बायकोवरचा संशय पक्का करतो आणि ऑथेल्लो तिला मारतो. एमिलिया दुष्ट नाही हो, तरी त्या एका वाक्याने डेस्डिमोनाचा जीव गेला.

निशिगंध:
पण शेवटी सगळ्यांसमोर खरं सांगते तीच ना, नवरा तलवार काढून उभा असताना, आणि त्यातच मरते.

बाराखडी:
हो, आणि तिने रुमाल का दिला ते आपल्याला कळतं, नवऱ्याला खूश करायचं होतं. त्याला तो कशाला हवा होता हे तिलाही शेवटच्या प्रवेशापर्यंत कळत नाही, मी तेच म्हणतोय.