मदत हवी आहे: ध्रुवतारा झाकलेला असताना पोलर अलाइनमेंट

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर दुर्बिणीचा एचईक्यू-५ माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा स्टँड) आहे. त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा आहे, म्हणजेच पोलर अलाइनमेंट. उत्तरेला शेजारची इमारत, आणि इथे ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर, त्यामुळे पोलर स्कोपचा (अक्षातून ध्रुवतारा पाहायच्या छोट्या दुर्बिणीचा) उपयोग नाही. तारा किती सरकतो ते पाहून अक्ष सुधारायची ड्रिफ्ट पद्धतच वापरावी लागते. हँड कंट्रोलरमध्ये टाइमझोन +५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद, तारखेत महिना आधी, हे तपासलंय. दोन ताऱ्यांच्या अलाइनमेंटनंतर गोटू (माउंटने आपोआप तारा शोधणं) नेमकं लागतं, पण त्याने अक्ष जागचा हलत नाही.

मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा ५ मिनिटांत २० आर्कसेकंद दक्षिणेला सरकत होता, म्हणजे अक्ष साधारण १६ आर्कमिनिटं पूर्वेला. ते बाजूच्या बोल्टांनी जमलं. अडलंय ते अक्षाच्या उंचीत; ती समोरासमोरच्या दोन बोल्टांनी बदलते. पूर्वेकडचा तारा स्थिर झाला की दुसरा बोल्ट आवळताना माउंट किंचित खाली बसतो आणि तारा पुन्हा दक्षिणेला निघतो.

शेवटची फिरकी नेहमी वर उचलणारी ठेवून समोरचा बोल्ट नुसता टेकवायचा का? शिवाय एवढ्या कमी अक्षांशाला काउंटरवेट (तोलाचं वजन) ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासतो. बाजूचे बोल्ट जिला टेकतात ती खुंटी हलवून ट्रायपॉड ६० अंश फिरवावा की ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये एक्स्टेन्शन पिलर (उंची वाढवणारा खांब) घालावा? कोणी केलं असेल तर जरूर सांगा.