मदत हवी आहे: रोडबाईकची फ्रेम बदलू का?

मंडळी, सल्ला हवाय. माझी रोडबाईक ॲल्युमिनियमची, रिम ब्रेकवाली (ब्रेक चाकाच्या कडेला धरणारे). परवा धुताना बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे), चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) वेल्डला लागून केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं की अडकतं, म्हणजे नुसता रंग तडकलेला नसावा. चढावर जोर लावला की कट्कट् आवाजही येतो, पण तो बेअरिंगचाही असू शकतो.

बीडमधला वेल्डर म्हणतो, ‘आणा, आत्ता मारून देतो.’ स्टीलची असती तर दिलीही असती. पण ६०६१ ॲल्युमिनियमची (फ्रेमला वापरतात तो एक मिश्रधातू) ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूला कमी होते, पुन्हा हीट ट्रीटमेंट (ताकद परत आणायला ठरावीक पद्धतीने तापवणं) लागते. ती इथे कोण करून देणार?

नवी फ्रेम बघावी तर बहुतेक डिस्क ब्रेकच्याच (ब्रेक चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारे). मग चाकं, ब्रेक सगळंच बदलणं आलं; नाकापेक्षा मोती जड. हिवाळ्यात ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय, वेळ ४० तास. रात्री धुळे-सोलापूर हायवेवर फ्रेमने दगा दिला तर? (घरी अजून काही बोललो नाहीये.)

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे कुणी रिम ब्रेकची जुनी स्टील फ्रेम विकतंय का? साइज ५४ सेंमी, २८ मिमीचा टायर बसायला हवा. की सरळ सायकलच बदलू?