टेस्ला कॉइलसाठी मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर वापरावा का?

वेटोळे: बंद पडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आहे आणि तो सुमारे २,००० व्होल्ट देतो. पीव्हीसी नळीवर ९०० वेढे गुंडाळून टेस्ला कॉइलची, म्हणजे उच्च दाबाच्या ठिणग्या काढणाऱ्या उपकरणाची, सेकंडरीही (उच्च दाबाची गुंडाळी) तयार केली आहे. घराच्या बोर्डात आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा खटका) बसवलेला असल्यामुळे फारसा धोका उरणार नाही, हा माझा समज बरोबर आहे का?

जुना तंत्रज्ञ: नाही. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहांतला फरक ओळखतो. परंतु ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी प्रायमरीपासून (मेन्सला जोडलेल्या गुंडाळीपासून) अलग असल्याने तिचा प्रवाह आपल्या शरीरातून गेला तरी प्रायमरीच्या दोन्ही तारांतले प्रवाह समानच राहतात आणि खटका पडत नाही. त्यातच या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे एक टोक लोखंडी गाभ्याला जोडलेले असते, म्हणजे दुसऱ्या टोकाला एक बोट लागले तरी पुरे. हृदयाची लय बिघडवायला १०० मिलीअँपिअरदेखील पुरतात. हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कितीतरी पट देतो.

ठिणगी: सुरक्षेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी आपल्या कामाला हा ट्रान्सफॉर्मर सोयीचा नाही. २,००० व्होल्टचे शिखरमूल्य २,८०० च्या आसपास येते, आणि एवढ्या दाबाला स्पार्क गॅप (ठिणगी उडण्याची फट) जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवता येतो. शिवाय कॉइलच्या कपॅसिटरमधली (वीज साठवणाऱ्या भागातली) ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जुने कॉइल बांधणारे निऑन पाट्यांचे ९ ते १५ किलोव्होल्टचे ट्रान्सफॉर्मर शोधत असत. त्यांचा प्रवाह ३० किंवा ६० मिलीअँपिअरवर रोखलेला असतो, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत.

वेटोळे: मग जुन्या टीव्हीतला फ्लायबॅक (पडद्यासाठी उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) थेट मेन्सवर चालेल का?

ठिणगी: चालणार नाही. त्याचा फेराइट गाभा सुमारे १५ किलोहर्ट्झसाठी घडवलेला असतो. ५० हर्ट्झवर प्रायमरी जळून जाईल. आपली ९०० वेढ्यांची नळी मात्र वाया जाऊ देऊ नका. एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर एवढ्यावर ती अनुनादात (तिच्या नैसर्गिक वारंवारतेवर) आणता येते आणि जवळ धरलेली ट्यूबलाइट कुठलीही तार न जोडता उजळते. ठिणगी लहानच मिळेल, आणि वरच्या टोकाला बोट लावल्यास बारीक पण खोल भाजते, हे ध्यानात असू द्या.

जुना तंत्रज्ञ: त्या ओव्हनमधला कपॅसिटरही आपण काढून ठेवला असेलच. त्याच्या आतला विसर्जन-रोध (साठलेली वीज उतरवणारा रोध) निकामी झाला असल्यास प्लग काढल्यानंतरही विद्युतभार टिकून राहतो. भार उतरवून त्याची दोन्ही टोके तारेने जोडलेली आहेत ना?

वेटोळे: तो टेबलावर तसाच उघडा पडला आहे. कुणीतरी जाणकार येऊन भार उतरवेपर्यंत खोलीला कुलूप लावतो.