आयलॅश एक्स्टेन्शनचे किती घेता तुम्ही?

प्रश्न (मानेवाडा): ताई, घरीच पार्लर आहे, क्लासिक लॅशेस नुकत्याच शिकली. सेटला अडीच तास लागतात अन् बाया म्हणतात बर्डीवर (नागपूरचं सीताबर्डी मार्केट) तर शंभर रुपयात मिळतात, काय सांगू त्यांना? वरून कूलर लावला की ग्लू इतका पटकन सुकतो का लॅश चिकटतच नाही.

धरमपेठ: बर्डीवरच्या त्या पट्ट्या हो, रात्री काढून ठेवायच्या! आपण पापणीच्या एकेका केसावर एकेक नकली लॅश लावतो, आरशात दाखव, घासाघीस कमी होते. मी सुरुवातीला १२०० घ्यायची, मटेरियल अन् वेळ धरला तर हातात काहीच नाही बाप्पा. आता २०००, दोन-तीन आठवड्यांनी रिफिलचे (गळलेल्या लॅश परत भरायचे) अर्धे.

जरीपटका: कूलरच नडतोय. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानंच सुकतो नं, अन् कूलरनं खोली दमट होते. कूलर बंद करून सकाळी लवकर बोलव, ग्लूचा थेंब सारखा बदलत जा.

महाल: अन् पॅच टेस्ट, म्हणजे ग्लू थोडासा लावून त्रास होतो का ते पाहणं, किमान २४ तास आधी. मी एकदा टाळली, नवरीच्या पापण्या हळदीच्याच दिवशी सुजल्या, पैसे परत दिले अन् तिच्या मावशीची बोलणी खाल्ली ते वेगळं.

मानेवाडा: बापरे! उद्याच एक नवरी येतेय, आजच बोलावते तिला.